फुगलेल्या शिरा : दोष कुठे आहे ते डॉपलर दाखवते

सफाईकाम, धुणीभांडी, वॉचमनची ड्युटी, भाजीची गाडी. आपल्या वस्तीतल्या अनेकांचा दिवस उभ्यानेच जातो. संध्याकाळी पाय जड होतात, घोटे सुजतात, पोटरीवर शिरा गाठीगाठींनी फुगतात. पुढे घोट्याजवळची कातडी काळी पडते, खाजते आणि तिथे जखम झाली तर महिनोन्‌महिने भरत नाही. मग कोणी काळा दोरा बांधायला सांगतो, कोणी नजर काढायला. कारणाशिवाय काही घडत नाही, ही तथागतांची शिकवण आहे. या दुखण्याचेही कारण सापडते.

पायातले रक्त हृदयाकडे ढकलण्याचे मोठे काम पोटरीचे स्नायू करतात. ते खाली परतू नये म्हणून शिरांमध्ये छोट्या झडपा असतात. झडप नीट मिटली नाही की रक्त उलटे उतरते, साचते आणि शीर फुगते. शीर पोटरीवर फुगलेली दिसते, पण बिघाड पुष्कळदा वर जांघेत किंवा गुडघ्यामागे असतो. तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

तो शोधण्यासाठी कलर डॉपलर करतात. ही सोनोग्राफीच आहे. सुई नाही, एक्स-रे नाही. रुग्णाला शक्यतो उभे करून जांघेपासून घोट्यापर्यंत तपासतात, पोटरी दाबून सोडतात. सोडल्यावर कातडीजवळच्या शिरेत रक्त 0.5 सेकंदापेक्षा जास्त वेळ उलटे वाहिले, तर झडप निकामी समजतात. आतल्या मोठ्या शिरेत गुठळी आहे का, हेही कळते. भगिनींनी संकोच करू नये. सोबत बाईमाणूस हवे, असे स्पष्ट सांगावे.

जागा कळली की उपचार नेमका होतो : घट्ट मोजे, इंजेक्शन, लेझर किंवा ऑपरेशन. मूळ दोष तसाच ठेवून वरच्या गाठी काढल्या, तर त्रास परत येऊ शकतो. मधुमेह असेल किंवा विडी-तंबाखूची सवय असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घट्ट मोजे घालू नयेत.

एकच पाय अचानक सुजून दुखू लागला, तर चोळू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. सोबत धाप लागली किंवा छातीत दुखले, तर 108 ला फोन करा. शीर फुटून रक्त आले, तर आडवे व्हा, पाय उंच धरा, स्वच्छ कापडाने दाबून ठेवा आणि दवाखान्यात जा.

खर्चाच्या भीतीने थांबू नका. आधी सरकारी रुग्णालयात दाखवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का, हे तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत न्या.