मुख्याध्यापकांचे प्रशिक्षण आणि पेठ तालुक्यातील शाळा : एक विवेचन

प्रस्तावना

शाळेच्या जडणघडणीत मुख्याध्यापकाचे स्थान मध्यवर्ती असते, हे मुदलियार आयोगापासून (१९५२-५३) राष्ट्रीय शैक्षणिक धोरणापर्यंत (२०२०) वारंवार प्रतिपादन करण्यात आले आहे. मात्र हे नेतृत्व त्याने कोठे आणि केव्हा शिकावे, याचा विचार त्या मानाने थोडाच झाला. प्रस्तुत लेखात नाशिक जिल्ह्यातील पेठ या संपूर्णतः अनुसूचित क्षेत्रात मोडणाऱ्या तालुक्याच्या संदर्भात या प्रश्नाचे विवेचन केले आहे. महाविद्यालयीन अध्यापकांशी त्याचा संबंध दूरचा नाही. आपल्या प्रथम वर्षाच्या वर्गात येणारा विद्यार्थी याच शाळांतून येतो, आणि जो येत नाही तो बहुधा याच शाळांतून मध्येच गळालेला असतो.

पद आणि पात्रता

खाजगी माध्यमिक शाळांतील नियुक्त्या महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) नियमावली, १९८१ नुसार होतात. पदवी, अध्यापनशास्त्रातील पदवी, किमान पाच वर्षांचा पूर्णवेळ अध्यापनाचा अनुभव आणि समाधानकारक सेवा असलेल्या शिक्षकांपैकी सेवाज्येष्ठ शिक्षकास मुख्याध्यापकपद द्यावे, असा तिचा आशय आहे. ज्येष्ठतेच्या तत्त्वाने वशिलेबाजीला आळा बसतो, ही त्याची जमेची बाजू नाकारता येणार नाही. परंतु त्यामागे एक गृहीतक दडलेले आहे : जो दीर्घकाळ शिकवितो, त्याला शाळा चालविता येते. काल बीजगणित शिकविणारा शिक्षक आज संचमान्यता, बिंदुनामावली, वेतनदेयके आणि निवृत्तिवेतनाचे प्रस्ताव यांना सामोरा जातो. सेवाविषयक एखादा आदेश चुकीच्या पद्धतीने निघाला, तर संस्थेला शाळा न्यायाधिकरणापुढे उभे राहावे लागते. शिवाय ज्येष्ठतेने पद मिळेपर्यंत सेवेची थोडीच वर्षे उरलेली असतात. काम अंगवळणी पडते न पडते तोच निवृत्तीची तारीख येते.

प्राथमिक शाळांची स्थिती याहून वेगळी आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ च्या अनुसूचीनुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत १५० पेक्षा अधिक आणि सहावी ते आठवीसाठी १०० पेक्षा अधिक विद्यार्थी असतील, तरच स्वतंत्र मुख्याध्यापक अभिप्रेत आहे. पेठसारख्या विखुरलेल्या पाड्यांच्या तालुक्यात लहान जिल्हा परिषद शाळांना हे पद मिळणे दुरापास्त असते. तेथे दोन शिक्षकांपैकी ज्येष्ठ शिक्षकाकडे ‘प्रभार’ असतो. तोच दोन-तीन इयत्ता एकत्र बसवून शिकवितो आणि जनरल रजिस्टर, कीर्द, पोषण आहाराची साठा नोंदवही, यू-डायसची माहिती व शाळा व्यवस्थापन समितीचे इतिवृत्तही सांभाळतो. कामाने तो मुख्याध्यापक आहे, मात्र आस्थापनेच्या तक्त्यात तसे पद नाही.

आश्रमशाळांचे मुख्याध्यापक आदिवासी विकास विभागाच्या अखत्यारीत येतात. त्यांची शाळा सायंकाळी सुटत नाही. अधीक्षक, अधीक्षिका, स्वयंपाकी व कामाठी यांच्या कामाचा मेळ घालणे आणि रात्री तापाने फणफणलेल्या मुलास त्याच क्षणी रुग्णालयात न्यावे की सकाळपर्यंत थांबावे याचा निर्णय घेणे, हे त्यांच्या जबाबदारीत येते. आश्रमशाळांतील विद्यार्थ्यांच्या मृत्यूंविषयी डॉ. सुभाष साळुंके यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१६ मध्ये अहवाल दिला. त्या पार्श्वभूमीवर असे निर्णय घेण्याची तयारी हा प्रशिक्षणाचा दुय्यम भाग मानता येत नाही.

प्रशिक्षणाची व्यवस्था

संस्थांची उणीव आहे, असे म्हणता येणार नाही. राष्ट्रीय स्तरावर नवी दिल्ली येथील शैक्षणिक नियोजन व प्रशासन संस्थेत २०१२ मध्ये शालेय नेतृत्वाचे राष्ट्रीय केंद्र सुरू झाले. राज्यात पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील शैक्षणिक नियोजन व प्रशासन संस्था आणि प्रत्येक जिल्ह्यासाठीची शिक्षण व प्रशिक्षण संस्था अशी रचना उभी राहिली. नाशिक येथे मुख्यालय असलेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने शालेय व्यवस्थापन पदविका दूरशिक्षणाने उपलब्ध करून दिली. सेवेत राहून अभ्यास करणाऱ्या शिक्षकांना तिचा चांगला उपयोग झाला आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘निष्ठा’ उपक्रमात शाळाप्रमुखांसाठी नेतृत्वाचे घटक होते, तर २०२० च्या धोरणाने मुख्याध्यापकांसाठीही वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली.

उणीव आहे ती रचनेत. राज्यस्तरावर तज्ज्ञांना, त्यांच्याकडून जिल्ह्याला, तेथून तालुक्याला व शेवटी केंद्राला असे प्रशिक्षण उतरत येते आणि प्रत्येक पायरीवर त्यातील चर्चा आटून सादरीकरण तेवढे उरते. दुसरे असे की, प्रशिक्षण पदाला चिकटलेले असते. ज्या शाळेत पद नाही, तेथील प्रभारी शिक्षकाचे नाव नेतृत्वविषयक वर्गाच्या यादीत सहजासहजी येत नाही. तिसरी बाब विभागांच्या भिंतींची. एकाच गावात जिल्हा परिषदेची शाळा, शासकीय आश्रमशाळा आणि संस्थेचे माध्यमिक विद्यालय असू शकते. मुले एकीतून दुसरीत जातात, पण त्यांचे तिन्ही प्रमुख प्रशिक्षणासाठी एकत्र बसल्याचे क्वचितच आढळते.

स्थलांतराचा प्रश्न

पेठमधील शाळाप्रमुखाला नेमके काय ठाऊक असावे लागते, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. भात, नागली व वरई ही येथील पावसावरची पिके. ती हाती आली की अनेक कुटुंबे दिंडोरी, निफाड परिसरातील द्राक्षबागांकडे किंवा सीमेपलीकडे गुजरातेत मजुरीस जातात. द्राक्षाची गोडी छाटणी ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते आणि शाळेला दिवाळीची सुटी याच सुमारास लागते. सुटीनंतर शाळा उघडते तेव्हा पटावरील मूल गावात नसते. स्थलांतरित बालकांसाठी शिक्षण हमी पत्रक देण्याची व हंगामी वसतिगृहाची तरतूद राज्यात करण्यात आली. परंतु हमी पत्रक कुटुंब निघण्यापूर्वी हाती पडले तरच उपयोगी. आजी-आजोबांकडे कोणते मूल राहू शकेल, याची बोलणीही सुटीपूर्वीच व्हावी लागतात. म्हणजेच शाळा व्यवस्थापन समितीची या विषयावरील सभा सप्टेंबरातच घ्यायला हवी. अधिनियमानुसार या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. कोण कोणत्या मुकादमाबरोबर कोठे जाणार, हे त्यांच्याइतके अचूक दुसरे कोणी सांगू शकणार नाही. त्यांच्याशी बोलण्यासाठी त्यांची कोकणी बोली किमान समजणे आवश्यक असते.

राज्यस्तरावर तयार झालेल्या पुस्तिकेत ‘समाजाशी भागीदारी’ असे प्रकरण असते. ते चुकीचे नसते. मात्र त्यातून सप्टेंबर हा महिना कोणालाही सापडत नाही. तो सापडतो करंजाळी, जोगमोडी वा कोहोर परिसरात दहा-पंधरा वर्षे काढलेल्या शिक्षकाकडे, आणि त्याची बदली झाली की हे ज्ञान त्याच्याबरोबर जाते.

पुढील दिशा

यावर उपाय म्हणून नवी संस्था काढण्याची आवश्यकता वाटत नाही. शेजारच्या शाळांचे समूह करून त्यांनी परस्परांना साहाय्य करावे, ही कल्पना कोठारी आयोगाने (१९६४-६६) मांडली होती. जे. पी. नाईक त्या आयोगाचे सदस्य-सचिव होते. महाराष्ट्रात १९९४ नंतर उभी राहिलेली केंद्रशाळा व केंद्रप्रमुखांची रचना त्या कल्पनेच्या जवळ जाणारी आहे. परंतु केंद्रप्रमुखांची अनेक पदे दीर्घकाळ रिक्त राहिली, आणि जे होते त्यांचा वेळ माहिती गोळा करण्यात गेला. केंद्राच्या मासिक परिषदेतील एक सत्र केवळ शाळाप्रमुखांसाठी, मग ते प्रभारी असोत वा नियमित, राखून ठेवता येईल. प्रभार सोपविण्यापूर्वी शिक्षकाने अनुभवी मुख्याध्यापकाजवळ काही आठवडे काम पाहावे. कीर्द कशी लिहावी हे तो दोन दिवसांत शिकेल, संतापलेल्या पालकाशी कसे बोलावे हे मात्र पाहूनच शिकावे लागते.

तिन्ही विभागांच्या शाळाप्रमुखांना एकत्र बसण्यासाठी तालुक्याच्या ठिकाणचे महाविद्यालय ही सोयीची जागा आहे, कारण ते यांपैकी कोणाचेही वरिष्ठ कार्यालय नाही. मराठी विभागाला बोलीच्या शब्दसंग्रहाचे, अर्थशास्त्र विभागाला स्थलांतराच्या गावनिहाय नोंदींचे आणि वाणिज्य विभागाला हिशेबलेखनाच्या सरावाचे काम त्यातून मिळू शकेल. अशा दोन दिवसांच्या चर्चासत्राची तारीख ठरविताना विद्यापीठाच्या परीक्षांचे वेळापत्रक पाहावेच लागेल, त्याचबरोबर द्राक्षछाटणीचेही पाहावे लागेल.