घुबडाच्या दारीं कॅमेरा

घुबडाचें नांव काढलें कीं घरांतील वडील मंडळींच्या कपाळाला आठ्या पडतात. ज्याला लक्ष्मीचें वाहन म्हणतात त्यानें माळ्यावर बिऱ्हाड केलें तर घाबरावयाचें कां, हें आम्हांस आजवर कोणीं पटवून दिलेलें नाहीं. परंतु घुबडाला खरोखर भ्यावें असा एक प्रसंग आहे, आणि शकुनाशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. पिलें घरट्याबाहेर डोकावूं लागलीं असतां रात्रीं त्या झाडाशीं जाणें, हा तो प्रसंग होय. एरिक हॉस्किंग ह्या इंग्रज छायाचित्रकारास तो एका डोळ्याला पडला.

पक्ष्यांचीं छायाचित्रें घरट्यावरच घेण्याचा प्रघात कां पडला, हें प्रथम सांगितलें पाहिजे. जुन्या कॅमेऱ्याच्या कांचा मंद असत व दूरचें जवळ आणणारीं भिंगें दुर्मिळ होतीं. रानांतला पक्षी ठराविक जागीं हमखास परत येईल असें ठिकाण एकच, तें म्हणजे पिलांचें घर. यॉर्कशायरचे रिचर्ड व चेरी कीअर्टन ह्या बंधूंनीं १८९२ सालीं अंड्यांसह घरट्याचें छायाचित्र घेतलें. पुढें तर बैलाचें कातडें पसरून पोकळ बैल केला आणि त्याच्या पोटांत कॅमेरा घेऊन बसण्याची युक्ति काढली! ह्या विद्येंत पुढें जी रीत रूढ झाली ती अधिक धीराची. मचाण एका दिवसांत उभारावयाचें नाहीं. आज खांब, दोन दिवसांनीं फळ्या, मग कापडाचा आडोसा. आंत शिरतांना दोघांनीं जावें व एकानें परतावें. परतणारा मनुष्य दिसला कीं पक्षी निर्धास्त होतो. त्याला वजाबाकी येत नाहीं.

१९३७ च्या मे महिन्यांत वेल्समधील डोल्डॉलॉड गांवाजवळ, पिंगट रानघुबडाच्या एका जोडप्यासाठीं हॉस्किंगनें असें मचाण बांधलें होतें. एके रात्रीं अंधारांत तो तेथें गेला. आवाज मुळींच आला नाहीं. घुबडाच्या पंखाच्या पुढील कडेला फणीसारखे बारीक दांते असतात आणि पिसांवर मखमलीसारखी लव असते, म्हणून उडतांना त्याची सळसळ होत नाहीं. ज्याचा सुगावा उंदराच्या कानांस लागत नाहीं तें माणसास काय ऐकूं येणार? तोंडावर एकाएकीं आघात झाला आणि एक नखी डाव्या डोळ्यांत रुतली. पेनिसिलिन तेव्हां रोग्यापर्यंत आलेलें नव्हतें. एका डोळ्याच्या जखमेपायीं दुसऱ्याचीहि दृष्टि जाण्याचें भय असतें. शेवटीं लंडनमध्यें तो डोळा काढून टाकावा लागला. हॉस्किंगचें वय त्या वेळीं २७ वर्षांचें होतें. छायाचित्रांवर पोट भरणाऱ्याचा डोळा जाणें म्हणजे गवयाचा गळा जाण्यासारखेंच!

त्यानें धंदा सोडला नाहीं, घुबडेंहि सोडलीं नाहींत. चोंचींत उंदीर धरून, दोन्ही पंख उभारून उतरणारें गव्हाणी घुबड त्यानें १९४८ सालीं टिपलें; तें एखाद्या राजचिन्हावर कोरल्यासारखें दिसतें. १९७० सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्राला त्यानें ‘अ‍ॅन आय फॉर अ बर्ड’ असें नांव दिलें. पक्ष्यापायीं डोळा, हा अर्थ त्यांत आहेच.

आम्हांस मात्र त्या घुबडिणीचीहि बाजू दिसते. पहिलें अंडें घालतांच ती उबवावयास बसते. त्यामुळें पिलें एका दिवशीं फुटत नाहींत आणि एकाच घरट्यांत थोरलें, मधलें, धाकटें अशीं भावंडें नांदतात. नर शिकार आणून देतो, मादी पिलांना ऊब देते. तिला भिवविलें कीं पहिला फटका शेंडेफळाला. माणसाच्या अंगावर धांवून जाणें हें तिचें गृहकृत्यच समजावयाचें.

छायाचित्राचें मोल आम्ही नाकारीत नाहीं. १८८४ नंतर ज्याचा निश्चित पुरावा मिळाला नव्हता तो रानपिंगळा १९९७ च्या नोव्हेंबरांत आपल्या खानदेशांत, शहाद्याजवळच्या रानांत अमेरिकन पक्षितज्ज्ञांस आढळला. पूर्वीं असा पुरावा बंदुकीनें मिळवीत. ह्या खेपेस तो कॅमेऱ्यानें मिळविला, आणि तोहि उघड्या फांदीवर बसलेल्या पक्ष्याचा.

आतां भिंगें इतकीं सुधारलीं आहेत कीं घरट्यापाशीं जाण्याची जुनी निकड उरलेली नाहीं. तरीहि चित्र स्पष्ट यावें म्हणून ढोलीपुढील फांद्या छाटणारे हौशी लोक आहेतच. छाटलेल्या फांदीच्या जागीं ऊन येतें, आणि उन्हाबरोबर कावळा येतो. कित्येक स्पर्धांचे चालक घरट्यावरचीं चित्रें स्वीकारीत नाहींत, हें आमच्या मतें योग्यच आहे. आपल्या परसांतील आंब्याच्या ढोलींत पिंगळ्याचें जोडपें असेल आणि घरांतील मुलांनीं कॅमेऱ्यासाठीं हट्ट धरला असेल, तर शिडी लावूं नये. दिवेलागणीच्या सुमारास पिंगळे आपण होऊन बाहेर येतात व जवळच्या फांदीवर बसून मान वेळावीत राहतात. माडीच्या खिडकींतून ते सहज टिपतां येतात.