लांबट चेंडूचा मोसम

दोस्तांनो, उल्हासनगरचं नाव काढलं की मोठी माणसं एक जुना विनोद हमखास सांगतात. इथल्या वस्तूवर 'मेड इन यूएसए' असा शिक्का असतो आणि तो अगदी खरा असतो. कारण यूएसए म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन'! कॅम्प नंबर ३ मध्ये हा विनोद न ऐकलेलं पोर शोधून सापडायचं नाही.

आज मात्र आपण खऱ्याखुऱ्या यूएसएमधल्या एका खेळाची गोष्ट बघणार आहोत. त्या खेळाचा एक आख्खा व्यावसायिक संघ आपल्या पुण्याच्या नावाने मैदानात उतरला आणि पहिल्याच मोसमात विजेता ठरला. तरीही तुमच्यापैकी बहुतेकांनी त्याचं नाव ऐकलेलं नसेल. असं कसं झालं? सांगतो.

त्याआधी एक गंमत. अमेरिकन फुटबॉलमध्ये 'सॅन फ्रान्सिस्को फॉर्टी नायनर्स' नावाचा मोठा नामांकित संघ आहे. फॉर्टी नायनर्स म्हणजे 'एकोणपन्नासवाले'. सोनं सापडतंय म्हणून १८४९ साली हजारो माणसं कॅलिफोर्नियात धावली, त्यांना पडलेलं हे नाव. त्यांच्या मागोमाग लिव्हाय स्ट्रॉस नावाचा कापडाचा व्यापारी तिथे आला. १८७३ साली त्याने जेकब डेव्हिस या शिंप्याबरोबर, खिशाला धातूच्या रिव्हेट मारलेल्या पँटचं पेटंट घेतलं. तीच आपली जीन्स! फॉर्टी नायनर्सचं २०१४ पासूनचं घरचं मैदानही त्याच्याच कंपनीच्या नावाचं आहे.

आता आपल्याकडे बघा. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराच्या छावण्या होत्या. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं त्या बराकींमध्ये राहिली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते उल्हासनगरचा पाया घातला गेला आणि पुढे हे शहर नेमकं जीन्ससाठीच गाजलं. म्हणजे एकोणपन्नासवाले आपणही आणि जीन्सवाले आपणही! फरक एवढाच, की ते सोन्यासाठी घर सोडून आले आणि आपल्याकडच्यांना घर सोडावंच लागलं.

कबड्डी येते? मग हेही येईल!

नावात फुटबॉल असला तरी या खेळात पायाचं काम थोडंच. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. तो हातात धरून पळायचं किंवा पुढच्या गड्याकडे फेकायचा. मैदान १०० यार्ड लांब आणि दोन्ही टोकांना १०-१० यार्डांचा पट्टा. चेंडू घेऊन समोरच्या पट्ट्यात शिरलात की झाला टचडाउन!

दोन्ही बाजूंना ११-११ गडी. ज्यांच्याकडे चेंडू आहे त्यांना चार संधी मिळतात. एकेका संधीला म्हणतात 'डाउन'. चार डाउनमध्ये निदान १० यार्ड, म्हणजे साधारण ९ मीटर पुढे सरकायचं. सरकलात तर नव्या चार संधी. नाही सरकलात तर चेंडू समोरच्या संघाकडे!

ओळखीचं वाटतंय ना? प्रो कबड्डीत लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी 'करो या मरो' चढाई असते. गुण आणा, नाहीतर बाहेर बसा. इथला चौथा डाउन अगदी तसाच. चढाईपटू मध्यरेषा ओलांडून आत घुसतो आणि सातजण त्याची पकड करायला टपलेले असतात. इथे चेंडूवाला गडी घुसतो आणि अकराजण टपलेले असतात. फरक एक, की त्याच्या मदतीला त्याचे दहा भिडू असतात. या सगळ्यांचा म्होरक्या म्हणजे क्वार्टरबॅक. चेंडू कुणाला द्यायचा, हे तो काही सेकंदांत ठरवतो.

गुणांचा हिशोब
- टचडाउन : ६ गुण
- टचडाउननंतर खांबांमधून लाथाडलेला चेंडू : १ गुण
- टचडाउननंतर लाथ न मारता पुन्हा पट्ट्यात शिरलात तर : २ गुण
- फील्ड गोल (खेळ चालू असताना खांबांमधून मारलेला चेंडू) : ३ गुण
- चेंडूवाल्याला त्याच्याच पट्ट्यात पाडलं तर : २ गुण

सतरा सामने, एक गुण

क्रिकेटचा संघ वर्षभर खेळतच असतो. अमेरिकेच्या नॅशनल फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, तसं नसतं. एकूण ३२ संघ. २०२१ पासून प्रत्येक संघाला नेहमीच्या मोसमात सामने मिळतात फक्त १७. आठवड्याला एक. अंग इतकं ठेचून निघतं, की त्याहून जास्त झेपतच नाही. म्हणून एकेक सामना सोन्याच्या मोलाचा!

१९७२ च्या मोसमात मायामी डॉल्फिन्स हा संघ सगळे १७ सामने जिंकला. १४ साखळीचे आणि ३ बाद फेरीचे. अख्ख्या मोसमात एकही हार न पत्करता सुपर बोल, म्हणजे अंतिम सामना, जिंकणारा तो एकमेव संघ. उलट २००८ मध्ये डेट्रॉइट लायन्स सोळाच्या सोळा सामने हरले! पण तिथे एक छान नियम आहे. कॉलेजमधून नवे खेळाडू निवडताना पहिला मान सगळ्यात खालच्या संघाला. ढ ठरलेल्या मुलाला पहिल्या बाकावर बसवावं, तसं.

आपल्या एकोणपन्नासवाल्यांचा २०२३ चा मोसम ऐका. त्यांचा क्वार्टरबॅक ब्रॉक पर्डी. २०२२ च्या निवडीत २६२ खेळाडू निवडले गेले, त्यात हा २६२ वा! शेवटच्या नंबरच्या खेळाडूला तिथे थट्टेने 'मिस्टर इर्रेलेव्हंट' म्हणतात. आपल्या भाषेत 'बिनकामाचे साहेब'. या बिनकामाच्या साहेबांनी काय करावं? पहिले पाच सामने सलग जिंकून दिले. मग संघ लागोपाठ तीन हरला. मग पुन्हा सलग सहा जिंकला. शेवटी १२ विजय, ५ पराभव आणि थेट सुपर बोल.

११ फेब्रुवारी २०२४, लास व्हेगस. समोर कॅन्सस सिटी चीफ्स. शेवटच्या सत्रात फॉर्टी नायनर्सनी टचडाउन केला आणि १६-१३ अशी आघाडी घेतली. त्यानंतरची एका गुणाची लाथ मात्र चीफ्सच्या गड्याने अडवली. एकच तर गुण! पण सत्र संपलं तेव्हा गुणफलक होता १९-१९. सामना जादा वेळेत गेला आणि चीफ्स २५-२२ ने जिंकले. पाच महिन्यांचा मोसम आणि जन्मभर आठवेल असा एक गुण.

पुण्याचे मराठे कोलंबोत

आता येऊ या आपल्या गोष्टीकडे. २०११ साली 'एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया' या नव्या लीगची घोषणा झाली. भारतात आणि शेजारच्या देशांत अमेरिकन फुटबॉल रुजवायचा, हा बेत. पाठीशी नावं केवढी! १९८५ च्या मोसमात शिकागो बेअर्सला विजेतेपद मिळवून देणारे प्रशिक्षक माइक डिटका. सुपर बोल विजेता क्वार्टरबॅक कर्ट वॉर्नर, जो एकेकाळी रात्रपाळीला किराणा दुकानाच्या फळ्यांवर माल लावायचा. शिवाय सिनेनट मार्क वॉल्बर्ग.

संघांची नावंही झोकदार होती. मुंबई ग्लॅडिएटर्स, दिल्ली डिफेंडर्स, बंगलोर वॉरहॉक्स, कोलकाता व्हायपर्स, श्रीलंकेचे कोलंबो लायन्स आणि आपले पुणे मराठाज.

खेळाडू कुठून आणायचे? हा खेळ येणारी मुलं आपल्याकडे जवळजवळ नव्हतीच. म्हणून रग्बी आणि इतर मैदानी खेळांतली तगडी, चपळ पोरं निवडली. हेल्मेट कसं बांधायचं, खांद्याचे पॅड कसे चढवायचे, चेंडू बोटांनी गरगर फिरवत कसा फेकायचा, सगळं श्रीगणेशापासून. जरा विचार करा. तुम्ही वर्षानुवर्षं एका खेळात घाम गाळलात आणि कुणीतरी सांगितलं, 'आता हे नवं शिक, यातून तुझं नाव होईल.' तर तुम्ही जाल? ही मुलं गेली. त्याला हिंमत लागते.

पहिला मोसम झाला २०१२ मध्ये. सामने भरले श्रीलंकेत, कोलंबोच्या सुगतदास स्टेडियमवर आणि आपल्याकडे दिसले ते टीव्हीवर. अंतिम सामन्याचं नाव 'एलिट बोल'. पुणे मराठाज विरुद्ध दिल्ली डिफेंडर्स. गुणफलक लागला ६-०. वरचा हिशोब आठवा, सहा म्हणजे एका टचडाउनची किंमत. तेवढ्याच गुणांवर पुणे मराठाज या लीगचे पहिले विजेते ठरले!

मराठी मुलखाच्या नावाचा संघ विजेता झाला. मग ढोल-ताशे वाजले का? लक्ष्मी रोडवर मिरवणूक निघाली का? गल्लीतल्या पोरांनी लांबट चेंडू आणले का? तसं काही झालं नाही. दरवर्षी नेमाने मोसम भरावा, अशी घडीही या लीगची बसली नाही. विजेत्यांना आपलं विजेतेपद राखायला पुढच्या वर्षी मैदानच मिळालं नाही. जिंकून अशी पंचाईत झालेला संघ विरळाच!

शुक्रवार, शनिवार, रविवार

का झालं असं? पैसा कमी पडला असेल, नियम किचकट वाटले असतील. पण एक कारण अमेरिकेतल्या आठवड्यातच दिसतं. तिथे शुक्रवारी संध्याकाळी शाळांचे सामने असतात. अख्खं गाव बघायला जमतं. शनिवारी कॉलेजांचे सामने. आणि एनएफएलच्या बहुतेक संघांचा दिवस रविवार. शुक्रवारची पोरं शनिवारी जातात, त्यातली थोडी रविवारी पोचतात. प्रेक्षकही तसाच घडत जातो. पुणे मराठाजला थेट रविवार मिळाला. त्याच्या आधीचे शुक्रवार-शनिवार होतेच कुठे?

याच्या शेजारी कबड्डी ठेवून बघा. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने आपले देशी खेळ जगाला दाखवले. १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीचा समावेश झाला. आणि प्रो कबड्डी सुरू झाली २०१४ साली, म्हणजे पुणे मराठाजच्या मोसमानंतर दोनच वर्षांनी! पण त्या आधी कित्येक पिढ्यांचे 'शुक्रवार' होऊन गेले होते. गावच्या जत्रेत, गल्लीतल्या मंडळात, शाळेच्या लाल मातीत. पुण्याची पुणेरी पलटण पहिल्यांदा विजेती झाली ती १ मार्च २०२४ रोजी, थेट दहाव्या मोसमात. नऊ मोसम हुकले, तरी दहावा मिळालाच. कारण खाली माती पक्की होती.

एका पुण्याचे दोन संघ. एक पहिल्याच मोसमात जिंकला आणि थांबला. दुसरा दहाव्यात जिंकला आणि अजून खेळतोय.

कॅम्प तीनच्या मैदानात

मग हा खेळ आपल्यासाठी संपला? छे! त्याचा एक धाकटा भाऊ आहे, फ्लॅग फुटबॉल. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये मुलांचे आणि मुलींचे, दोघांचेही संघ तो खेळणार आहेत. यात पाडापाडी नाही, धडक नाही. हे फार बरं आहे. मोठ्या खेळात डोक्याला बसणाऱ्या माराने मेंदूवर वाईट परिणाम होतात. निवृत्त खेळाडूंनी त्यासाठी एनएफएलवर दावा लावला आणि लीगला भरपाई कबूल करावी लागली. तेव्हा धडकाधडकीच्या भानगडीत पडू नका.

फ्लॅग फुटबॉलला लागतं काय? दोन्ही बाजूंना पाच-पाच भिडू. प्रत्येकाच्या कमरेला दोन बाजूंना दोन पट्ट्या. तुमच्याकडे पट्ट्या नसतील तर रुमाल खोचा, जीन्सच्या कापडाच्या चिंध्या खोचा. कॅम्प तीनमध्ये त्यांना काय तोटा! चेंडूवाल्याच्या कमरेची पट्टी ओढली की डाउन संपला. चार डाउनमध्ये मध्यरेषा ओलांडायची. ओलांडली की टचडाउनसाठी आणखी चार. लांबट चेंडू नसला तरी साध्या रबरी चेंडूवर सुरुवात होते. चांदीबाई कॉलेजच्या बाजूची पोरं आणि फर्निचर बाजाराकडची पोरं अशा दोन टीम पाडल्या, की काम झालं. मुलींनाही घ्या बरं का. पट्टी ओढायला ताकद नाही, चपळाई लागते.

उल्हासनगरने बाहेरची वस्तू बघितली, की ती उसवून, समजून घेऊन, आपल्या हाताने पुन्हा शिवली. खेळाचंही तसंच करता येतं. नियम आपल्या मैदानाच्या मापाने कापा, नावं आपली द्या, पंच म्हणून एखाद्या दादाला किंवा ताईला शिट्टी द्या. आणि हो, सामने शुक्रवारी शाळा सुटल्यावर ठेवा. पहिला टचडाउन कुठल्या कॅम्पने केला, ते आम्हाला जरूर कळवा!