कणकुंबीचें पाणी : एका निवाड्याचें वाचन

बेळगांव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यांत, गोव्याच्या सीमेलगत, कणकुंबी नांवाचें लहानसें गांव आहे. मलप्रभेचा उगम येथील माउलीच्या देवस्थानीं मानितात. संस्कृतांत हीस मलापहारी म्हणतात. मळ हरण करणारी, असा त्याचा अर्थ. ती पूर्वेस वाहत जाऊन कूडलसंगम येथें कृष्णेस मिळते. परंतु त्याच गांवचा कळसा नाला पश्चिमेस उतरून म्हादईस मिळतो, व म्हादई मांडवी या नांवानें पणजीजवळ अरबी समुद्रास मिळते. म्हणजे एकाच गांवावर पडलेलें पावसाचें पाणी दोन समुद्रांस जातें. वादाचें मूळ हेंच होय.

कळसा व भांडुरा या नाल्यांचें पाणी मलप्रभेंत वळवून हुबळी-धारवाडकडे प्यावयास न्यावें, अशी कर्नाटकाची योजना. तीस गोव्यानें हरकत घेतली. १९५६ च्या कायद्यान्वयें २०१० सालीं लवाद नेमला गेला व १४ ऑगस्ट २०१८ रोजीं त्यानें निवाडा दिला. गोव्यास २४, कर्नाटकास १३.४२ व महाराष्ट्रास १.३३ अब्ज घनफूट, हे आंकडे सर्वतोमुखीं झाले.

आमचें म्हणणें इतकेंच कीं, निवाड्याची केवळ बेरीज वाचूं नये. कर्नाटकाच्या १३.४२ पैकीं ८.०२ वीज उत्पन्न करण्यासाठीं आहे. तें पाणी यंत्रें फिरवून पुन्हां नदींतच येतें. १.५ खोऱ्यांतील उपयोगासाठीं आहे. डोंगर ओलांडून जावयाचें तें कळशाचें १.७२ व भांडुऱ्याचें २.१८, मिळून ३.९. कर्नाटकानें मागितलेलें ७.५६ होतें. तंटा मुख्यतः या शेवटच्या रकमेचा आहे. कारण खोऱ्याबाहेर गेलेलें पाणी खालच्या गांवांस परत मिळत नाहीं, आणि उन्हाळ्यांत प्रवाह क्षीण झाला म्हणजे मांडवींत समुद्राचें खारें पाणी वर चढतें.

जुनीं निवाडपत्रें व महजर वाचतांनाहि हीच दृष्टि ठेवावी. पाणी किती दिलें याबरोबरच तें वापरल्यावर कोठें गेलें, हें पाहावें. राज्यांच्या वांट्यांत कणकुंबीसारख्या गांवाचा निराळा वांटा दिसत नाहीं. त्याचा पूर्वीचा वहिवाट-हक्क जाणण्यास गांवचेच कागद हवेत. तेव्हां ज्या संग्राहकांच्या दप्तरांत या सीमाभागांतील ओढे, पाट व बांध यांविषयीं मोडी कागद असतील, त्यांनीं ते क्षुल्लक समजून टाकूं नयेत. त्यांच्या नकला करून ठेवाव्या, अशी आमची विनंति आहे.