शेवटच्या आजारपणाचं इच्छापत्र

घरादाराचं मृत्युपत्र करणारी माणसंही शेवटच्या आजारपणाबद्दल काही लिहून ठेवत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशा वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली. बरं होण्याची आशा संपली आणि स्वतः सांगण्याइतकी शुद्ध उरली नाही, तर व्हेंटिलेटर लावायचा का, हे त्यात आधीच लिहिता येतं. २०२३ पासून न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागत नाही. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेत. आपल्या वतीने निर्णय घेणाऱ्याचं नाव त्यात हवं. उपचार थांबवण्याआधी डॉक्टरांची दोन मंडळं प्रकृती तपासतात.

कागद तसा सोपाच. ‘बाबा, अभद्र बोलू नका’ म्हणणाऱ्या मुलांना समोर बसवून, धडधाकट असतानाच हे सांगणं खरं कठीण. वेदनाशमन आणि शुश्रूषा शेवटपर्यंत चालू ठेवता येते, हेही त्यांना सांगावं. एरवी आपण बापाला वाऱ्यावर सोडलं, असं त्यांना वाटत राहतं.