पुराणकथा आणि कवयित्री : एका प्राध्यापिकेचा व्यासंग

पुराणकथा ही साऱ्या समाजाची ठेव असते, असें आपण मानतों. परंतु ती ठेव पिढ्यान्‌पिढ्या कोणी सांभाळली, कोणाच्या मुखानें ती सांगितली गेली, आणि तींतील स्त्रियांना किती बोलूं दिलें, असा प्रश्न विचारला म्हणजे 'सारा समाज' या शब्दांचा अर्थ बराच संकुचित दिसूं लागतो. अमेरिकेंतील एका इंग्रजीच्या प्राध्यापिकेनें हाच प्रश्न आपल्या व्यासंगाचा मध्यबिंदु केला. त्यांचें नांव ॲलिशिया ऑस्ट्रायकर.

१९३७ सालीं न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागांत एका यहुदी कुटुंबांत त्यांचा जन्म झाला. विल्यम ब्लेक या इंग्रज कवीवर प्रबंध लिहून १९६४ सालीं त्यांनीं विस्कॉन्सिन विद्यापीठाची डॉक्टरची पदवी मिळविली, आणि पुढल्याच वर्षीं रटगर्स विद्यापीठांत त्या शिकवूं लागल्या. तेथें त्यांनीं सुमारें चार दशकें अध्यापन केलें. ब्लेकच्या समग्र कवितांची त्यांनीं संपादिलेली आवृत्ति १९७७ सालीं निघाली. ब्लेक हा स्वतःचीं दैवतें स्वतःच निर्माण करणारा कवि. रूढ धर्मकथा जशीच्या तशी न स्वीकारतां ती उलटून पाहतां येते, हा धडा त्याच्या अभ्यासकाला सहजच मिळतो.

मात्र त्या काळीं वर्गांत शिकविले जाणारे कवि बहुतेक पुरुषच असत. ऑस्ट्रायकरबाई स्वतः कविता लिहीत. विद्यार्थिदशेंत त्यांच्या कविता पाहून एका पाहुण्या प्राध्यापकानें, तुम्ही कवयित्री फार उघडें लिहितां, अशा आशयाचा शेरा मारला होता. कवितेचे गुणदोष पाहण्याआधीं ती लिहिणारी स्त्री आहे, हें पाहिलें गेलें.

१९८२ सालीं 'साइन्स' या नियतकालिकांत त्यांचा एक निबंध आला. त्याच्या नांवांतच कवयित्रींना भाषेच्या चोर म्हटलें होतें. १९८६ सालीं 'स्टीलिंग द लँग्वेज', म्हणजे भाषेची चोरी, हा त्यांचा ग्रंथ निघाला. चोरी हा शब्द त्यांनीं हेतुतः योजला. रूढ कथांत स्त्री एक तर देवता, नाहीं तर राक्षसी. साधें माणूस म्हणून तिला तेथें जागा नाहीं. मग निराळी भाषा आणावी कोठून? आहे तीच हस्तगत करावयाची. त्यांच्या मतें पुराणकथेचें सामर्थ्य दुहेरी आहे. ती सर्वमान्य असल्यामुळें तिच्या आधारें बोलणाऱ्याला अधिकार लाभतो. आणि ती स्वप्नाप्रमाणें मनाच्या तळाशींहि वसत असते. कवयित्रीनें आपलें दुःख नुसतें सांगितलें तर तें खाजगी म्हणून बाजूला सारलें जातें. तेंच पुराणांतील नायिकेच्या मुखानें आलें म्हणजे लोकांना ऐकावें लागतें.

हेलनचें उदाहरण घ्या. ट्रॉयचें युद्ध तिच्यामुळें झालें, हें सर्वश्रुत आहे. परंतु ग्रीकांतच एक निराळी कथाहि होती : हेलन ट्रॉयला गेलीच नाहीं; ती मिसर देशांत राहिली, आणि योद्धे लढले ते तिच्या मायारूपासाठीं. एच. डी. या नांवानें लिहिणाऱ्या हिल्डा डूलिटल यांनीं हा धागा घेऊन 'हेलन इन इजिप्त' हें दीर्घकाव्य रचलें. तें १९६१ सालीं प्रसिद्ध झालें. जिच्या नांवानें इतकीं माणसें मेलीं ती मुळांत कोण होती, याचा शोध त्यांत ती स्वतःच घेते.

म्युरिएल रुकायझर यांच्या १९७३ सालच्या संग्रहांतील एक छोटी कविता याच जातीची आहे. सकाळीं चार, दुपारीं दोन व सायंकाळीं तीन पायांनीं चालणारा प्राणी कोणता, या स्फिंक्सच्या कोड्याला ईडिपसनें 'मनुष्य' हें उत्तर दिलें होतें. इंग्रजींत मनुष्य व पुरुष यांना एकच शब्द आहे. कवितेंत वृद्ध, आंधळा ईडिपस स्फिंक्सला पुन्हां भेटतो, तेव्हां तुझ्या उत्तरांत स्त्री नव्हती, असें ती त्याला सुनावते. त्या शब्दांत स्त्रियाहि येतात, हें त्याचें समर्थन तिला पटत नाहीं.

पूज्य कथांत असा फेरफार करणें उचित काय, असा आक्षेप येईल. परंतु इलेक्ट्राची एकच कथा ईस्किलस, सोफोक्लीज व युरिपिडीज या तिघांनीं तीन तऱ्हांनीं मांडली. त्यामुळें ती क्षीण झाली नाहीं, उलट समृद्धच झाली.

पुढें ऑस्ट्रायकरबाई स्वतःच्या धर्मग्रंथाकडे वळल्या. १९९३ सालीं बायबलच्या स्त्रीदृष्टीनें केलेल्या पुनर्विचारावर त्यांचें पुस्तक निघालें, आणि १९९४ सालीं 'द नेकेडनेस ऑफ द फादर्स' या ग्रंथांत त्यांनीं बायबलमधील कथा नव्यानें सांगितल्या. मूळ वचनांत जेथें मौन आहे तेथें कथा रचून तें भरून काढण्याची 'मिद्राश' ही यहुद्यांची प्राचीन रीति. शतकानुशतकें ती पुरुष पंडितांच्या हातीं होती. बाईंनीं तिचाच आश्रय घेतला. त्यांनीं ग्रंथ टाकून दिला नाहीं आणि त्यापुढें मुकाट्यानें मानहि तुकविली नाहीं. त्या त्याच्याशीं वाद घालीत राहिल्या. असा वाद घालण्याचा हक्क घरच्याच माणसाला असतो. आणि तो एकदां मिळाला म्हणजे 'चोरी' हा शब्दच उरत नाहीं.