बोलके पत्र

नातवाला असीरगड दाखवावा म्हणून गेल्या हिवाळ्यात बऱ्हाणपुराहून निघालो होतो. वाटेत निंबोला येथे चहाला थांबलो, तेव्हा हातातल्या इंग्रजी पुस्तकातून मान वर करून तो म्हणाला, "आजोबा, 'रिव्हीलिंग' पत्र म्हणजे प्रकट करणारे पत्र का?"

होय म्हणून मोकळा होणार होतो. पण काहीच प्रकट न करणारे पत्र असते कुठे? या विशेषणाच्या मुळाशी लॅटिनमधला 'पडदा' आहे. तो बाजूला सारणारे ते रिव्हीलिंग. त्याच कुळातले 'रेव्हिलेशन' हे नाम साक्षात्काराच्या उंचीवर जाऊन बसले. विशेषण मात्र रोजच्या व्यवहारात वावरते. अंग उघडे टाकणाऱ्या पोशाखालाही ते लावतात आणि बोलणाऱ्याच्या नकळत त्याचे मन उघडे पाडणाऱ्या वाक्यालाही. 'सूचक' म्हणावे, तर सूचना जाणूनबुजून केलेली असते. मला आपला 'बोलका' हा शब्द आठवला. बोलका पुरावा, बोलका चेहरा, तसे हे बोलके पत्र.

ते होते दौलतराव शिंद्यांचे. नोव्हेंबर १८१७ च्या तहाने त्यांनी असीरगड युद्धापुरता इंग्रजांच्या हवाली करण्याचे कबूल केले होते. किल्लेदार जसवंतराव लाड यांनी तो दिला नाही. अखेर डव्हटन व माल्कम यांनी वेढा घातला आणि ९ एप्रिल १८१९ रोजी गड पडला. आत दौलतरावांचे पत्र सापडले. पेशवे आज्ञा करतील तसे वागावे, असा त्याचा आशय. इंग्रजांनी मग तो गड परत दिलाच नाही.

इंग्रज ग्रंथकारांना त्या पत्रात दगलबाजी दिसली. "आपण त्यात पुण्याशी न तुटलेले नाते पाहावे," असे मी नातवाला मोठ्या अभिमानाने सांगितले. कप खाली ठेवीत तो म्हणाला, "पण तहावर सही केली होती ना?"

चार पिढ्या शिंद्यांचे अन्न खाल्लेल्या घरातला मी. होय म्हणायला जीभ रेटेना, नाही म्हणणे खोटे झाले असते. मी चहाचे पैसे देऊन उठलो. पोराने पुन्हा विचारले नाही. 'बोलके' म्हणजे काय, ते त्याला तेवढ्यात समजले असावे.